बाकी एक

हसू नकोस, शालन. फोटोत तू हसतेयस आणि मला ते बघवत नाही. बॅचच्या मुलींनी झेंडूचा हार घालून तुझा फोटो क्लासच्या दारासमोर लावलाय, त्यामुळे कुलूप उघडलं की रोज आधी तुझे दात दिसतात. परवा मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग लाज वाटली, परत सरळ केला. वीस दिवस झाले तुला जाऊन आणि माझा राग एक इंचभरसुद्धा हललेला नाही.

शोकसभेत मी बोलले नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे बोलले. पालक बोलले, खालचा वेल्डिंगवाला बोलला, ज्यांना तू आयुष्यात दोनदा भेटली असशील तेही बोलले. म्हणे शांत स्वभाव. म्हणे कधी कुणाला दुखावलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसून दात खात होते. अठरा वर्षं रोज संध्याकाळी भांडलोय आपण, कसला शांत स्वभाव! सेक्रेटरी म्हणाले, "हेमामॅडम, दोन शब्द बोला." मी मान हलवली. माझ्याकडे दोन शब्द नव्हते. एकच होता, आणि तो सभेत म्हणण्यासारखा नव्हता. तुला मी दिवसातून दहा वेळा ज्या शब्दाने हाक मारायचे, तोच. प्रेमाने, रागाने, खडू हरवला तरी आणि चहा सांडला तरी. आता तो जिभेवर येतो आणि अडकतो, कारण आता तो खरा झालाय.

पहिल्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावतेय. आठवतं ना? दोघी दुसऱ्याच्या क्लासात नोकरीला होतो आणि शिक्षकांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. माझ्यासमोर एक गणित होतं. एक भागिले सात, दशांशचिन्हानंतरचा शंभरावा अंक कोणता? मी भागत सुटले होते, दीड पान भरलं होतं. तू शेजारी डबा खात होतीस. वर न बघता म्हणालीस, "आठ."

"कशावरनं?"

"सहा अंकांचा फेरा हाय त्याचा. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, आणि परत एक. शंभराला सहानं भाग. बाकी किती?"

"चार."

"मग फेऱ्यातला चवथा अंक बघ. आठ. चटणी घे."

डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या! दीड पान फुकट आणि वर चटणी घे. पण चटणी घेतली. जवसाची होती, तुझ्या गावाकडची, साताऱ्याची. दोन वर्षांनी आपण ती नोकरी सोडली आणि कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर ही खोली घेतली. 'फक्त गणित' अशी पाटी लावली. पालक विचारायचे, सायन्स का नाही घेत? तू म्हणायचीस, "आमाला एवढंच येतं." आणि पालक हसत हसत पोरांना सोडून जायचे.

गणित आपलं एकच, पण बाकीवरून आपलं कधी जमलं नाही. भागाकार झाल्यावर जे उरतं, त्याचं काय करायचं? तुझे वडील तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवरून गोण्या वाहायचे. टोळीत सात जण. गाडीत शंभर गोण्या आल्या की एकेकाच्या वाट्याला चौदा, आणि उरल्या दोन. त्या दोन कुणी उचलायच्या यावरून रोज कटकट नको म्हणून तुझे वडील त्या आपल्याच पाठीवर घ्यायचे. तू दरवर्षी नव्या बॅचला हे सांगायचीस. "बाकी म्हणजे कुणाच्या तरी पाठीवर जाणारी गोणी. कोपऱ्यात लिहून विसरून जायची नाही."

आणि मी करावे गावची. माझी आई रस्त्याच्या कडेला बसून खाडीच्या मासळीचे वाटे लावायची. पाच वाटे लागले आणि तीन बोंबील उरले, तर ती मोजत बसायची नाही. हाताला येईल त्या वाट्यावर टाकायची. "कुनाचा तरी पोट भरल गो," म्हणायची, की झालं. मी तिची मुलगी. मला उरलेलं कुठेतरी टाकून मोकळं व्हायला आवडतं. दशांशाचे दोन अंक घ्यायचे, तिसरा बघून वर-खाली करायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं. तुला ते चोरी केल्यासारखं वाटायचं. एकदा तू मला म्हणालीस, "तुझी आई बरी, ती बोंबील टाकत तरी होती. तू तर ते नव्हतेच म्हणतेस." दोन दिवस मी डबा वेगळा बसून खाल्ला.

पण शिकवलंस तू मलाच, हे कबूल करायला आता मला कसली चोरी? क्लासच्या पहिल्या वर्षीची ती मुलगी आठव. एक भागिले सतरा करत होती. शून्य पॉइंट शून्य पाच आठ आठ इथपर्यंत आली, आठ दोनदा दिसला, आणि हिने खूश होऊन आठाच्या डोक्यावर आवर्तनाची रेघ मारली. संपलं! मीसुद्धा वरवर बघून बरोबरची खूण करणार होते. तू माझ्या हातातून पेन काढून घेतलंस आणि तिला म्हणालीस, "अंक परत आला म्हणून हुरळू नकोस. बाकी परत आलीय का बघ." पहिल्या आठाला बाकी चौदा उरली होती, दुसऱ्या आठाला चार. "अंक तोच, बाकी निराळी. वरनं सारखं दिसतंय, आत दुसरंच चाललंय. कळलं का?" मुलीला कळलं. मला कळलं असं मी अठरा वर्षं समजत होते.

तेव्हापासून लाल खडू आला. फळ्यावर भागाकार पांढऱ्याने, पण प्रत्येक बाकीभोवती लाल गोल. डोळे मिटले तरी मला तुझे लाल गोल दिसतात.

आणि 'बाकी?' हा प्रश्नही तेव्हाचाच. सगळे जण फोनवर विचारतात, बाकी काय? काही ऐकायचं नसतं, फोन ठेवायचा असतो म्हणून विचारतात. तुला त्याची चीड होती. म्हणालीस, विचारायचंच तर नीट विचारू. क्लास सुटला की एकीने विचारायचं, बाकी? दुसरीने आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, चला घरी. शून्य सोडून काहीही आलं की चपला घालायच्या नाहीत. दोन स्टुलं ओढायची, खालून चहा मागवायचा आणि बाकी शून्य होईपर्यंत उठायचं नाही. नियम तुझा. मी फक्त हो म्हटलं.

आई गेली तेव्हा मी "बाकी सात" म्हटलं होतं. त्याआधी चौथ्याच दिवशी तू करावेला आमच्या घरी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आली होतीस, आणि माझे नातेवाईक तुझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. मीही चिडले होते. ह्या बाईला काळवेळ आहे की नाही? पण त्या गठ्ठ्याने मला बसतं केलं, शालन. मग क्लासात आल्यावर मी सात म्हटलं, आणि तू सातही ऐकून घेतलेस, एकेक करून, चहा गार करून. मध्ये एकदाही "असू दे गं" म्हणाली नाहीस. ते मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त संताप होतो.

कारण तुझं उत्तर कायम शून्य! मी तीन म्हणायचे, पाच म्हणायचे, एकदा तर नवऱ्यावर चिडून बावीस म्हटलं होतं. तुझं शून्य. मुलगी परदेशी गेली, शून्य. विलासभावोजींची न्हावा शेव्याच्या यार्डातली नोकरी सुटली, चार महिने घरी होते, तरी शून्य. गणिताची बाई मी, मला संशय यायला नको होता? एकाने भागलं तरच प्रत्येक वेळी बाकी शून्य येते. माणसाला कसली येते! उरलेल्या गोण्या तू गुपचूप पाठीवर घेत होतीस, वडिलांसारख्या. आणि वर पोरांना सांगत होतीस की बाकी लपवू नका. ढोंगी आहेस तू.

आता तो गुरुवार.

दहावीच्या बॅचला मी सतराच्या भागाकाराची माझी आवडती पळवाट दाखवत होते. आठ अंक काढले की बाकी सोळा येते. तिथेच थांबायचं. पुढच्या आठ अंकांसाठी भागाकार करायची गरजच नाही, आधीचा एकेक अंक नऊमधून वजा करत जायचं. ०५८८२३५२ च्या पुढे ९४११७६४७. शून्याखाली नऊ, पाचाखाली चार, आठाखाली एक. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या की मी जरा चढतेच. तेवढ्यात तू आलीस, डस्टर घेतलंस आणि माझे खालचे आठ अंक पुसून टाकलेस. सगळ्या बॅचसमोर. "आधी सोळाच्या सोळा पायऱ्या उतरायच्या. पळवाट नंतर."

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. अठरा वर्षांची भागीदारी आणि मुलांसमोर डस्टर! मुलं गेली. मी पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या. तू फळ्याकडे तोंड करून तो अर्धवट भागाकार पुरा करत होतीस, लाल गोल काढत. तुझा उपास होता, गुरुवार ना. मी चहासुद्धा विचारला नाही. पण सवय ती सवय. रुसलेली असूनही दारातून मी विचारलं, "बाकी?"

तू पाठमोरीच म्हणालीस, "एक."

मी फळ्याकडे पाहिलं. सोळावी पायरी झाली होती, शेवटची बाकी एक आली होती आणि तू तिच्याभोवती लाल गोल काढत होतीस. मला वाटलं, तू फळ्यावरचं सांगतेयस. भागाकार एकापासून सुरू होतो, बाकी एक आली म्हणजे फेरा पुरा झाला. मी म्हटलं, "एक आली ना? मग बस परत पहिल्यापासून करत."

आणि जिना उतरले. तू हसल्यासारखी वाटलीस. पहिल्या मजल्यावर मला "हेमे" असं ऐकू आलं, की आलं नाही, मला माहीत नाही. मी तणतणत होते. तणतणताना मला ऐकू येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सकाळी सहाला भावोजींचा फोन. रिक्षा येईपर्यंतही तू थांबली नाहीस.

दहाव्याला भावोजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुमाला तर समदं ठाऊकच होतं, हेमाताई." मी म्हटलं, काय ठाऊक होतं? त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. डॉक्टरांनी तीन आठवडे आधी सांगितलं होतं, हृदयाची तपासणी करा, लगेच करा. तू म्हणालीस, दहावीचा गणिताचा पेपर झाला की करू. "म्या म्हटलं, निदान हेमाताईंना तरी सांग, त्या आठ दिस क्लास सांभाळतील. गुरुवारी निघताना म्हणाली, आज सांगते."

आज सांगते.

पेपर झाला की! दात दुखतोय, पेपर झाला की. चष्म्याचा नंबर वाढलाय, पेपर झाला की. मीही तेच म्हणते, आपण दोघींनी मिळून हे वाक्य पाळलंय. पण हृदय, शालन? हृदयाला पण पेपर झाला की? आठ दिवस मी एकटीने शिकवलं असतं, माझ्या पळवाटांनी शिकवलं असतं, पोरं काही मेली नसती.

आणि "एक" काय? छातीत दुखतंय, हे दोन शब्द जड झाले होते तुला? पाठ करून का सांगितलंस? खांदा धरून वळवायचं होतंस मला, डस्टर फेकून मारायचं होतंस. सगळ्या जगाला बाकी दाखवून दाखवून सांगणारी बाई, स्वतःची बाकी भिंतीला सांगते!

हे सगळं मी तुला दहाव्यापासून ऐकवतेय. आणि रोज शेवटी त्याच जागी येऊन पोचते. नियम तू मोडला नाहीस. अठरा वर्षांत पहिल्यांदा तू शून्य सोडून काहीतरी म्हणालीस, आणि चपला घालून निघून गेले ती मी.

महिनाभर तू पहिल्या मजल्यावर थांबत होतीस. रोज. कठड्याला हात धरून, शिलाईवाल्या बाईशी गप्पा मारायच्या निमित्ताने. "गुडघे गं," म्हणायचीस. मी वर जाऊन कुलूप उघडायचे. आधी एक मिनिट थांबायचीस, मग तीन, मग शिलाईवाली तुला स्टूल द्यायला लागली. मला रोज तेच दिसलं. शालन, जिना, गुडघे. अंक परत आला आणि मी डोक्यावर रेघ मारून मोकळी झाले. त्या मुलीचा एक मार्क कापला होतास तू. माझं काय कापणार आहेस?

कधी कधी वाटतं, तू खरंच फळ्यावरचीच बाकी सांगितलीस. सांगायचं उद्यावर ढकललं असशील. मुलांना आपण शिकवतो, पडताळा घ्या, भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, उत्तर जुळलं की सुटलात. इथे कशाचा पडताळा घेऊ? विचारायला तू नाहीस. मग मी फळ्याची बाजू धरते, आणि रात्रीची झोप लागते. ही पण पळवाटच आहे, मला कळतं. ये आणि पूस ना. आता पूस की डस्टर घेऊन.

आपला एक वाद अर्धवट राहिला, त्याचा मला राग नाही. सात, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. ज्यांचा फेरा शक्य तेवढा लांब जातो, एकही बाकी सोडत नाही, अशा मूळ संख्या. तू म्हणायचीस, ह्या कधी संपत नाहीत. मी म्हणायचे, सिद्ध कर. अजून जगात कुणालाच ते जमलेलं नाही, तुला काय जमणार होतं? तो वाद टाकून जायची तुला परवानगी होती. ह्याची नव्हती.

फळा मी पुसलेला नाही. वीस दिवस मी कडेच्या भिंतीवर छोटा फळा टांगून त्यावर शिकवतेय. मुलं माना वाकड्या करून बघतात. पेपर तोंडावर आलाय. काल एका मुलीने भीतभीत विचारलं, "मॅडम, मोठा फळा पुसू का?" मी तिच्यावर एवढी ओरडले की खालून वेल्डिंगवाला वर आला. पोर रडली. मग मी तिला जवळ बसवून एक भागिले सतरा करायला लावलं, सगळ्या सोळा पायऱ्या, लाल गोलांसकट. नऊमधून वजाबाकी दाखवली नाही. तू जिंकलीस, झालं समाधान?

आज बॅच सुटल्यावर मी फळ्याजवळ गेले. माझे वरचे आठ अंक, तुझे खालचे आठ. माझं अक्षर तिरकं, तुझं सरळ. सोळाव्या गोलात तो एक. गोल पुरा झालेला नाही, खालच्या बाजूला बोटभर फट आहे. तुझा गोल कधी उघडा राहायचा नाही. म्हणजे मी बोलले तेव्हा तुझा हात थांबला होता.

पर्स खुंटीला अडकवलीय. खालून चहा मागवलाय, दोन. दोन्ही स्टुलं ओढलीत. बाकी एक. ऐकलं मी. चपला काढून बसलेय. बोल आता, मेले.